गुरुवारचा वाढदिवस

तुमच्या घरी कपाटावर एका मुलाचा फोटो आहे, तो कोण, असं तुम्ही दोघांनी परवा फोनवर विचारलंत. तुमची आई मागून म्हणाली, "तो मामा. आजीला विचारा." फोनवर मला नीट बोलता आलं नाही. लिहायला बसलं की मला जमतं, म्हणून लिहिते आहे. तुमच्या आईलाही यातलं फारसं ठाऊक नाही. ती तेव्हा नुकती भिंतीला धरून चालायला लागली होती.

तो तिचा मोठा भाऊ. त्याच्या आजारपणाची सगळी हकीकत मी सांगणार नाही. त्याच्या एका वाढदिवसाची सांगते.

आम्ही तेव्हा पिंपरीला, कंपनीच्या वसाहतीत राहत होतो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे गॅलरी. तुमचे आजोबा कारखान्यात सुपरवायझर होते. पुण्याला रविवारची सुट्टी असे, पण विजेच्या टंचाईमुळे आमच्याकडच्या कारखान्यांना ती गुरुवारी मिळे. शाळा मात्र रविवारीच बंद. म्हणजे बाप घरी असला की पोरं शाळेत, आणि पोरं घरी असली की बाप शिफ्टला. त्यामुळे वसाहतीत कुणाचाही वाढदिवस असला, तरी तो गुरुवारी संध्याकाळी करायचा असा रिवाज पडून गेला होता. तारखेला आईनं ओवाळायचं, आणि पुढच्या गुरुवारी शाळा सुटली की सगळ्यांना बोलवायचं. त्यात निम्म्या बायकांचा दत्ताचा गुरुवार. त्यामुळे आमच्याकडे वाढदिवसाला केकच्या शेजारी साबुदाण्याची खिचडी असायचीच. कितीतरी वर्षं तुमच्या आईला वाटायचं की केक आणि खिचडी सगळीकडे बरोबरच खातात.

पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना होता. वारा तिकडून सुटला की त्याचा आंबूस वास आमच्या गॅलरीपर्यंत येई. पण घसा दुखला तर हळद-मिठाच्या गुळण्या करायच्या, एवढंच त्या काळी घरोघरी ठाऊक होतं. तुमच्या मामाचा घसा दुखला, मग ताप आला, मग गुडघे आणि घोटे सुजले. सूज उतरली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पुण्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि त्याला बाहेर बसवून आम्हाला सांगितलं की त्या घशाच्या दुखण्यातूनच हृदयाची झडप बिघडली आहे. आणखी थोडा मोठा झाला, तर मुंबईला शस्त्रक्रियेचं बघता येईल. तोवर धावणं नको, जिना नको, कसलीच दगदग नको.

त्याला आम्ही एवढंच सांगितलं, की तापाचा अशक्तपणा आहे, जाईल. शाळा बंद झाली. त्याच पेनिसिलिनच्या इंजेक्शनला जायचं असलं की आजोबा त्याला उचलून खाली न्यायचे. बाकी दिवसभर तो गॅलरीत खुर्ची टाकून बसे आणि खाली चाललेलं क्रिकेट बघे. आदला वाढदिवस इस्पितळात गेला होता. या वेळी त्यानं महिनाभर आधीच मला बजावून ठेवलं.

"आई, या वर्षी माझा गुरुवार करायचा. सगळ्यांचा करतात तसा. नुसतं ओवाळून मला फसवायचं नाही."

मी हो म्हणाले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुठलंही काम आधी मनात नीट लावून घेतल्याशिवाय मी हात घालत नाही. कॉलेजात असताना वाचत असे तसली इंग्रजी मासिकं एक मैत्रीण मला अजून पाठवायची. त्यातल्या एका मासिकात मुलांचे घरात बसून खेळायचे खेळ दिले होते. गोल करून बसायचं, थाळी वाजत असेपर्यंत एक पुडकं हातोहात पुढं द्यायचं, थाळी थांबली की ते ज्याच्या हातात तो जिंकला. दुसरा खेळ आठवणीचा. ताटात वस्तू मांडायच्या, बघू द्यायच्या, वर रुमाल टाकायचा आणि कोणाला किती आठवतात ते विचारायचं. कुणी उठायचं नाही, कुणी धापा टाकायच्या नाहीत. मला वाटलं, सापडलं. त्याचा गुरुवार होईल आणि त्याच्या हृदयाला कळणारही नाही.

समोरच्या बिऱ्हाडातल्या ताई राजगुरुनगरकडच्या. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्यांना मी बेत सांगितला तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं पातेलंच काढून घेतलं.

"वहिनी, तुमी काय बी करायचं न्हाई. लेकरापाशी बसायचं. खिचडी माझी, केक खालच्या काकू करत्यात, बटाट्याची भाजी तिसऱ्या मजल्यावरनं यील."

"अहो ताई, पण घरात काहीतरी केलं पाहिजे ना?"

"हाय की. पाणी भरून ठेवा. लई झालं."

"आणि पोरं?"

"पोरांचं माझ्यावर सोडा. एक जरी वराडलं, तरी टांगून ठेवते."

त्या बायकांचा जीव माझ्यासाठी तुटत होता. मला कसलाही त्रास होऊ नये म्हणून त्यांनी सगळं आपसांत वाटून घेतलं. मलाही फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी दुपारी पाठ टेकली.

गुरुवारी संध्याकाळी त्याला मी निळा शर्ट घातला. भिंतीला टेकून उशा लावून बसवलं. आजोबांनी आदल्या दिवशीच रंगीत कागदाच्या पताका लावल्या होत्या. तो दाराकडे डोळे लावून बसला होता. जिन्यावर गलका ऐकू येईल, धक्काबुक्की होईल, मग पोरं आत घुसतील, हे त्याला पाठ होतं. इतरांच्या गुरुवारी तोही तसाच घुसायचा.

गलका झाला नाही. पोरं एकामागून एक आली. तेल लावून भांग पाडलेले, हातपाय धुतलेले. चपला ओळीनं काढल्या. एरवी जिन्याच्या कठड्यावरून घसरत येणारा मुलगा पाय न वाजवता आत आला आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसला. एकेकानं त्याच्या हातात भेट दिली आणि खाली बघत जागा धरली. कोणी कोणाला कोपर मारत नव्हतं.

मग बायका आल्या. हातात झाकलेली पातेली. जिन्यावरही कोणी बोललं नाही. पातेली स्वयंपाकघरात ठेवून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या, पदर पुढे घेऊन. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, आतल्या खोलीत वाती वळत होत्या. त्या बाहेर आल्या. त्यांनी ओट्यावरची पातेली पाहिली, थंड पडलेला स्टोव्ह पाहिला, गप्प बसलेली पोरं पाहिली.

"अगं हे काय?" त्या ओरडल्याच. "माझ्या घरात स्टोव्ह का पेटला नाही आज? झाकलेलं अन्न घेऊन अशा गुपचूप कुठल्या घरी जातात, कळत नाही का तुम्हाला?"

आमच्याकडे ज्या घरात माणूस गेलेलं असतं, तिथे स्टोव्ह पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भात झाकून आणून देतात, आणि आणणारं माणूस बोलत नाही. ते तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. प्रत्येकीनं कधी ना कधी ते केलं होतं. पण मायेच्या भरात आपण तेच करतो आहोत, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

"आत्याबाई, तसं न्हाई ओ," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा तो मोठा आवाज अगदी बारीक निघाला.

मी घाईघाईनं स्टोव्ह पेटवला आणि उगाच पाणी तापत ठेवलं. मग थाळी घेतली, पोरांकडे पाठ करून वाजवायला लागले. थांबले. पुडकं त्याच्या मांडीवर. पुन्हा वाजवली, थांबले. पुन्हा त्याच्याच मांडीवर. तिसऱ्या वेळी मी हळूच वळून पाहिलं. पुडकं त्याच्याकडे भराभर येत होतं, आणि त्याच्या पलीकडचा मुलगा ते घेण्यासाठी हातच पुढे करत नव्हता.

"घे की," तुमचा मामा त्याला म्हणाला.

"असू दे तुझ्याकडे."

मग ताटातल्या वस्तूंचा खेळ. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला तीनच वस्तू आठवल्या. ताईंच्या मुलीला दोन.

तुमच्या मामानं रुमाल उचलून बाजूला फेकला. "खोटारडे! मला मुद्दाम जिंकवताय तुम्ही."

पोरांनी माना खाली घातल्या.

"भांड ना माझ्याशी," तो त्या पहिल्या येणाऱ्या मुलाला म्हणाला. "परवा बॉलवरून सगळ्यांशी भांडत होतास. मी गॅलरीतून बघत होतो."

ताईंची मुलगी रडवेली झाली. "तुज्याशी भांडायचं न्हाई, आईनं सांगितलंय."

"का?"

तिनं आईकडे पाहिलं. ताईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आई, मी किती आजारी आहे गं?"

कुठल्या वेळी त्याला औषध द्यायचं, कधी झोपवायचं, कोण आलं तर काय सांगायचं, सगळं माझ्या मनात लावलेलं होतं. या प्रश्नाचं उत्तर लावून ठेवलेलं नव्हतं. मी थाळी हातात धरून तशीच उभी राहिले. 

तुमचे आजोबा दारात उभे होते. ते कमी बोलत, हे तुमची आई सांगेल. ते आत आले आणि त्याच्यापुढे उकिडवे बसले.

"बरंच आजारी आहेस, राजा," ते म्हणाले. "म्हणून बॅटिंग नाही. पण खाली अंपायर नाही कुणी. रोज भांडणं होतात. येतोस?"

"अहो, डॉक्टरांनी..." मी म्हणाले.

"खुर्चीत बसून हात वर करायचा आहे त्याला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला उचललं, खुर्ची दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरायला लागले.

पोरं ताईंकडे बघायला लागली. मग ताईच ओरडल्या, "आता काय मुहूर्त पायजे का? पळा!" आणि सगळी पोरं एकदम दारातून फुटली. जिना दणाणला.

मी गॅलरीत आले. मला त्याला वर आणायचं होतं आणि आणायचं नव्हतं. त्याला पाण्याच्या टाकीशेजारी खुर्चीत बसवलं होतं. सुरुवातीला पोरं जपून खेळत होती. मग एकजण धावचीत झाला. तुमच्या मामानं हात वर केला.

"मी पोचलो होतो!" तो मुलगा ओरडला.

"नव्हतास! बॅट हवेत होती!"

"तिथनं काय दिसतंय तुला? आंधळा अंपायर!"

 तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धवट उठला, चेहरा लाल झाला होता, आणि ओरडला, "आंधळा तुझा बाप! आउट म्हणजे आउट!" मग सगळेच ओरडायला लागले. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी "अरे हळू!" म्हणालं. तो हसत होता. इतका हसत होता, की त्याला मधेच थांबून श्वास घ्यावा लागत होता. सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "बास झालं, आण त्याला वर," असं त्या म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या नाहीत.

वर आणला तेव्हा त्याचे ओठ निळसर होते आणि तो घामानं भिजला होता. खिचडीचे चारच घास खाल्ले. झोपताना म्हणाला, "तो आउटच होता, आई. खरंच."

पुढच्या फेरीत मी डॉक्टरांना घडलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, यानं काही बदललेलं नाही, जे होतं ते चालूच होतं. त्यानंतर मात्र पोरं त्याला सोडेनात. वाद झाला की खेळ थांबे आणि सगळे आमच्या गॅलरीखाली येऊन वर बघत विचारत, "आउट का नॉट आउट?" उठवत नसेल तेव्हा तो कॉटवरूनच मला सांगे आणि मी गॅलरीत येऊन निकाल देत असे. मला क्रिकेटमधलं काहीही कळत नसे.

मुंबईला जायच्या आधीच, पुढचा वाढदिवस यायच्या आधीच, एका सकाळी तो गेला.

त्यानंतर पोरं आमच्या इमारतीपुढे खेळेनाशी झाली. वसाहतीच्या मागच्या बाजूला, भिंतीपलीकडे जाऊन खेळायची. त्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांनी आपणच ठरवलं, ते मला कळलं नाही. पुढची मोकळी जागा दिवसभर उन्हात तशीच पडून असे. सासूबाई गॅलरीचं दार लावून घेत. मला ती शांतता सोसेना. एका गुरुवारी संध्याकाळी मी तुमच्या आईला कडेवर घेतलं आणि मागे गेले. मला बघून पोरांनी खेळ थांबवला. एकानं बॅट पाठीमागे धरली.

"इथं काय करताय?" मी म्हणाले. "पुढे चला. आमच्या दारात खेळा."

ती आली. स्टंपांच्या जागी विटा रचल्या. बराच वेळ ती न बोलता खेळली, बॉलचा टप्पा तेवढा ऐकू येत होता. मी टाकीपाशी उभी होते. मग कोणीतरी धावताना घसरलं, कोणीतरी विटा पाडल्या, आणि दोघं जण एकमेकांच्या अंगावर जाऊन ओरडायला लागले, "आउट!" "नाही!" "आउट!" मधेच दोघंही थांबले आणि माझ्याकडे पाहायला लागले.

"मला नका विचारू," मी म्हणाले. "भांडा."

आणि तुमच्या आईला घेऊन मी जिना चढायला लागले.