बदल आढळला नाही

टँकरचा भोंगा वाजला की मला माझा शहाणपणा आठवतो. त्या दुष्काळात बायकोचा धाकटा भाऊ पिशोरहून आमच्याकडे आला होता. त्याच्या मेंदूतली गाठ काढली होती आणि त्या गाठीतल्या जनुकांचा रिपोर्ट हातात होता. डॉक्टर तीन आठवड्यांनी भेटणार होते. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून चष्मा चढवून मी ऐटीत जाहीर केलं, "जनुकात बदल आढळला नाही. म्हणजे बिघाडच नाही!" मेव्हणा खुलला. "मंग दाजी, थोरल्या भावाला मेंढरं घेऊन जाऊ देऊ का? गावात चारा नाय, अन् बिडकीनकडच्या रानाला प्लॉटवाल्यांनी तारा घातल्यात. लई लांब जावं लागंल त्याला. का थांबवू?" खाली टँकर आला होता. "जाऊ द्या हो खुशाल," म्हणत मी हंडे घेऊन धावलो. पुढे डॉक्टरांनी समजावलं, की या गाठीत तो बदल असलेले पेशंट जास्त जगतात. नसला तर दिवस थोडे. तोवर थोरला कुठल्या माळावर पोचला होता कुणास ठाऊक, त्याचा फोन लागेना. दीड महिन्यानं तो सापडला, आला, तेव्हा मेव्हण्याची वाचा गेली होती. दोघं भाऊ नुसते हात धरून बसले. आता मी औषधाच्या बाटलीवरचा कागदही मोठ्यानं वाचत नाही. सगळं उरकल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही नुसतं 'मला कळत नाही' म्हणाला असता, तर दोघं शेवटचं बोलले तरी असते."