मामाचं रक्त

दवाखाना म्हटलं की आता माझ्याच पायांत गोळे येतात. उंद्रीहून चिखली, चिखलीहून पुढं, पोराला उचलून बस बदलायच्या आणि परत यायचं ते आणखी एक तपासणी डोक्यावर घेऊन. शाळेत जायला लागला तसा तो पडायला लागला. धडपडतो म्हणून मी रागवायचे. मग जिना चढेना.

त्या सरकारी संस्थेचं कळलं ते एका डॉक्टरांकडून. रक्तातली जनुकं वाचणारं नवं मशीन तिथं आलं होतं, आमच्यासारख्यांची तपासणी फुकट. शिवाय स्नायूंच्या एका आजारावर नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. पण त्यासाठी तोच आजार आहे हे पक्कं व्हायला हवं आणि पोरगा स्वतःच्या पायांनी चालणारा हवा. तेव्हा तो चालत होता.

पोराच्या रक्तात एक बदल सापडला. आजाराचं कारण तोच की दुसरं काही, हे ठरवायला धडधाकट मामाचं रक्त लागणार होतं. मामातही तो बदल असला तर कारण वेगळं, नसला तर हेच. संस्थेतल्या बाईंनी फोनवर विचारलं, मामा आहेत का? मी म्हटलं, आहे ना, शेजारीच राहतो.

शेजारी राहतो तो माझा मानलेला भाऊ. पोराचं जावळ त्याच्याच मांडीवर काढलं, दिवाळीची साडी मला त्याच्याच घरून येते. सुईला भलता भितो. "लग्नात बी एवढा घाम नोता आला याले," वहिनी म्हणाली. तरी भाच्यासाठी त्यानं बाही वर केली. आम्ही वाट पाहत बसलो.

खूप दिवसांनी बाईंचा फोन आला. "ताई, या नमुन्याचं तुमच्याशी रक्ताचं नातं दिसत नाही. हे सख्खे भाऊ आहेत का?"

"मानलेला आहे," मी म्हटलं.

"सख्खाच लागतो ताई," बाई म्हणाल्या. मला असा संताप आला, आधी सांगायला काय झालं होतं? पण आमच्याकडं मामा कसा होतो, हे त्यांना तरी काय माहीत. शेजारी भावाला सांगितलं तर त्याचं तोंडच उतरलं. "काऊन वो बाई, माहं रक्त नाही चालत?"

सख्खा भाऊ लोणारला. आईच्या तेरवीत भांडलो तेव्हापासून आमचा अबोला. मानापमान गुंडाळून ठेवला आणि गेले. त्यानं चहासुद्धा विचारला नाही. ऐकून घेतलं, उठला, पायात चप्पल घातली. "कुठी द्या लागते रक्त?" एवढंच बोलला.

यात पावसाळा सरला. पोरगा आधी भिंत धरून चालायला लागला, मग भिंत धरूनही उभा राहीना.

परवा बाईंचा फोन आला. मामात तो बदल नाही, म्हणजे आजार पक्का. ज्या नावासाठी इतकी वर्षं फिरले ते हाती आलं, आणि मला नुसता थकवा आला. बाई मात्र खूश होत्या. "औषधाच्या चाचणीत त्याचं नाव घालते. आधाराशिवाय चालतो ना अजून?"

फोन स्पीकरवर होता, पोरगा समोर खाटेवर. माझ्या आधी तोच हळू आवाजात म्हणाला, "हो म्हण नं मम्मी. तपासतील त्या दिवशी चालतो मी."