लगोरीवरचा निबंध

ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मास्तर म्हणजे कोरं धोतर. खळ जास्त, मऊपणा कमी. मी तसाच सोलापुरात आलो. शाळा विणकरांच्या वस्तीत होती. पोरं घरी तेलुगू बोलत आणि शाळेत मराठी शिकत. नव्या मास्तरानं वर्षभरात एखाद्या विषयाचा अभ्यास करून शिक्षकांच्या सभेत निबंध वाचायचा, असा आमच्या हेडमास्तरांचा शिरस्ता होता. माझ्याबरोबर लागलेल्या मास्तरांनी झटपट 'सुवाच्य अक्षर' हा विषय घेऊन टाकला. मला मात्र भलत्याच गोष्टीनं झपाटलं होतं.

माझ्या दुसरीच्या वर्गात विणकराचा एक पोरगा होता. काही विचारलं की तो पायाच्या अंगठ्याकडे बघे. वर्गात त्याच्या तोंडून मराठीचा शब्द म्हणून निघत नसे. एका संध्याकाळी हाच पोरगा गल्लीत लगोरी खेळताना दिसला. पलीकडच्या आळीतली मराठी पोरं भिडू होती आणि हा त्यांच्याशी मराठीतून असा तावातावानं भांडत होता की वकिलानं कान धरावेत. मी कोपऱ्याआड उभा राहून पोटभर हसलो. मी घसा फोडून जे शिकवत होतो ते चिंध्यांच्या चेंडूनं केव्हाच शिकवलं होतं. मला माझा विषय सापडला.

हेडमास्तर सांगोल्याकडचे, पण शाळेत बोलत ते अगदी छापील. "खेळ हा अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही," ते म्हणाले. "आपला आग्रहच असेल तर तो मुलगा बोलतो हे मला प्रत्यक्ष दाखवा. नाहीतर आपणही अक्षर घ्या."

अक्षर! माझं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यावर मी काय कपाळ लिहिणार होतो?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना गल्लीत नेलं. आम्हाला पाहताच पोरांनी चेंडू लपवला, रांग धरली आणि एका सुरात बेचा पाढा सुरू केला. माझा पोरगा अंगठ्याकडे बघत उभा. आजवर मी कोपऱ्याआडून बघत होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पाढे उत्तम आहेत," हेडमास्तर म्हणाले आणि वळले.

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग काय अंगात आलं कोण जाणे, मी धोतर खोचलं आणि विचारलं, "कुणाकडे भिडू कमी आहे?" पोरं आधी बिचकली. मी पहिल्याच झटक्याला बाद झालो तशी हसली, आणि खेळ सुरू झाला.

हेडमास्तर थबकले होते. थोड्या वेळानं त्यांनी कोट काढून खिडकीच्या गजाला अडकवला. "लगोऱ्या अशा रचत नाहीत," असं पुटपुटत ते आत शिरले. लगोऱ्या रचायला वाकले मात्र, त्या पोराचा चेंडू त्यांना येऊन लागला.

"मास्तर बाद," पोरगा म्हणाला.

"आरं, धोतराला लागला. मला कुटं लागलाय?" हेडमास्तर म्हणाले. ही भाषा मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती.

"धोतर तुमचंच हाय की."

हेडमास्तरांनी एकदा पोराकडे पाहिलं, एकदा धोतराकडे, आणि मग ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"लिवा तुमचा निबंध," धाप लागलेली असतानाच ते म्हणाले. "फकस्त मी बाद झालो न्हाय म्हनून लिवा."

"झाला की," पोरगा लगोऱ्या रचता रचता म्हणाला.

प्रसंग झाला तसाच मी निबंधात लिहिला आणि सभेत वाचला. मास्तर बाद झाले, या वाक्याला पहिली टाळी हेडमास्तरांची पडली.