खाडीत सोडलेल्या वह्या आणि आत्याची बोटं

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायचं आत्याने मनावर घेतलं तेव्हा ती नुकतीच रिटायर झाली होती. ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत तिने तीस वर्षं मराठी टंकलेखिका म्हणून काढली. लग्न केलं नाही, नौपाड्यात दोन खोल्यांत एकटी राहायची, आणि एकटी असल्यामुळे तिला भरपूर वेळ असणार असं सगळे नातेवाईक परस्पर ठरवून टाकायचे. तिने तो वेळ त्यांच्यावरच वापरला. तीन वर्षं ती डोंबिवली, कल्याण आणि पार कोकणातलं आमचं गाव पालथं घालत होती. म्हाताऱ्या माणसांपुढे बसून कोण कुणाचा, कुठे दिली, कशाने गेला, हे सगळं उतरवून घ्यायची. अशा सात वह्या भरल्या.

तेवढ्यात मी कॉम्प्युटर घेतला. घेतला म्हणजे आमच्या ऑफिसने मोडीत काढलेला उचलून वर्तकनगरच्या घरी आणला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माऊस नाही, सगळं डॉसवर. पण त्यात मराठीचा एक प्रोग्रॅम होता आणि त्याच्या कळा टाइपरायटरसारख्याच लावलेल्या होत्या. आत्या पहिल्या दिवशी समोर बसली, चष्मा सारखा केला आणि असा काही वेग धरला की मी आदल्या आठवड्यात तिला शिकवायची जी तयारी केली होती ती मुकाट्याने खिशात ठेवली. मग ती रोज अकराच्या सुमाराला रिक्षाने यायची आणि चारला जायची. दीड वर्षात सातही वह्या आत गेल्या.

आता वह्यांचं काय करायचं? रद्दीत घालायला कुणाचंच मन होईना. पूर्वजांची नावं, त्यांच्यात उद्या कुणी शेंगदाणे बांधून द्यायचा. मी घरातला कॉम्प्युटरवाला. मी म्हटलं, सगळं आत सुरक्षित आहे, आता या वह्यांचं नीट विसर्जन करू. सर्वपित्री अमावास्येला आम्ही कळव्याच्या पुलापाशी खाडीवर गेलो. तिथे जाळं आवरत बसलेल्या एका कोळीणबाईंनी गाठोड्यात काय आहे विचारलं. मी म्हटलं, आमचे पूर्वज. त्यावर त्यांनी सांगितलं की दगड बांधा, नाहीतर भरतीला परत येतील. मी शहाण्यासारखा चांगला मोठा दगड बांधला.

त्यानंतर दहाच दिवसांनी दसरा आला. ऑफिसातल्या एका मित्राकडे नवी सिस्टिम आली होती. रंगीत पडदा, माऊस, चित्रांवर टिचकी मारली की काम सुरू. त्याच्यापुढे माझी मशीन म्हणजे शाळेतली पाटी. दसऱ्याच्या मुहूर्तावर मी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, मित्राने दिलेला जुना रंगीत पडदा आणि माऊस जोडला आणि त्याच्या फ्लॉप्या एकेक करून आत सारायला लागलो. अर्ध्यात मशीन म्हणाली, जागा नाही. मी जे मला समजत नव्हतं ते पुसत गेलो. त्यात मराठीचा प्रोग्रॅमही गेला. कुलवृत्तांताच्या फाइली मात्र ठेवल्या. माझ्या हातून झालेलं तेवढंच एक शहाणपण. प्रोग्रॅमची मूळ फ्लॉपी कपाटात होतीच. संध्याकाळी ती काढली तर तिला बुरशी आलेली. पावसाळाभर दमट हवेत पडून होती, मशीन तिला हातच लावेना.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. रंगीत पडद्याचं तिने कौतुक केलं. मग मी फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, कंस, आकडे आणि मधूनमधून रिकामे चौकोन. घराण्याचा मूळ पुरुष कुठल्या गावाहून आला या वाक्याच्या जागी नुसती कचकच.

"हे काय रे?"

"कंपॅटिबिलिटीचा प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो. शब्द मी त्याच सकाळी मित्राकडून फोनवर शिकलो होतो.

"म्हणजे?"

"जुन्या फाइलींचं नव्या सिस्टिमशी पटत नाही."

"बरं. आणि हे लग्न लावलं कोणी?"

बायको स्वयंपाकघरात होती, तिथूनच तिने माझं नाव न घेता उत्तर दिलं. आत्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मार्गशीर्षात डोंबिवलीला कुलसंमेलन होतं, हॉल घेऊन झाला होता, छापखान्याला तीन आठवड्यांत स्वच्छ पानं द्यायची होती. पण तिला घोर त्याचा नव्हता. तिने ज्यांच्याकडून ऐकलं त्यातली निम्मी माणसं दरम्यान गेली होती. पुन्हा विचारायचं कुणाला? आणि वह्या तर दगडासकट तळाला.

जाताना तिने मला त्या कचकचीची दोन पानं छापून मागितली. मला वाटलं, शिव्या लिहायला पाठकोरे कागद हवे असतील.

तिसऱ्या दिवशी ती आली आणि जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. कागदावर नजर आणि दहा बोटं टेबलावर. बोटं हलत होती. टेबलावर कळा नव्हत्या, काही नव्हतं. आणि ती हळूहळू वाचायला लागली. मूळ पुरुष, त्याचं गाव, त्याचे तीन मुलगे, धाकटा कसा घर सोडून गेला. मी तिच्या मागे जाऊन कागद पाहिला. तीच कचकच होती.

मग तिने मला समजावून सांगितलं. मी कॉम्प्युटरवाला, हे विसरून मी खाली बसून ऐकलं. त्या प्रोग्रॅमने आत मराठी अक्षरं ठेवलीच नव्हती. कुठली कळ दाबली तेवढंच ठेवलं होतं. त्या कळेवर जे इंग्रजी अक्षर छापलेलं असतं ते आता दिसत होतं. म्हणजे ही तिच्याच बोटांची दीड वर्षाची चाल होती. डोळ्यांना काही कळत नव्हतं, पण बोटं त्या त्या जागी नेली की ती आपोआप सांगायची की हा क, हा म, हा काना.

मित्राकडून नव्या सिस्टिमवर चालणारा मराठी प्रोग्रॅम आणला. त्यातही टाइपरायटरच्या कळा लावता येत होत्या. आत्याने समोर कागद ठेवून तीच कचकच दाबली आणि पडद्यावर मराठी उमटलं. आता तर मराठी टायपिंग येण्याचीही गरज उरली नाही. कागदावर जे इंग्रजी अक्षर असेल तीच कळ दाबायची. तिने पानं वाटून दिली. बायकोने रोज चार पानं केली. मी एका बोटाने दीड. एकदा माझ्या हातून आमचे पणजोबा दोनदा जन्मले, तेव्हापासून माझी पानं आत्या तपासायची.

उरले चौकोन. काही जोडाक्षरं तिने वेगळ्या खुणेने दाबली होती आणि तेवढी नव्या सिस्टिमला दिसतच नव्हती. हे चौकोन आत्याने एकटीने भरले. डोळे मिटायची, ते सांगणारी म्हातारी कुठे बसली होती, चहा कसा होता, असं काहीतरी पुटपुटायची आणि शब्द लिहायची. अडीचशेच्या वर चौकोन होते. एक सोडून सगळे भरले.

तो एक चौकोन आमच्या पणजोबांच्या बहिणीच्या नावात होता. चौदाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात गेलेली. माहिती देणाऱ्या कल्याणच्या काकू दरम्यान वारल्या होत्या. मी दोन नावं सुचवली, दोन्ही बरोबर बसत होती. म्हटलं, यातलं एक टाकून दे, कोण विचारणार आहे?

"अरे, अख्ख्या पुस्तकात तिची एवढीच ओळ आहे," आत्या म्हणाली. "तीसुद्धा तुझ्या अंदाजाने लिहू?"

छापखान्याला पानं द्यायच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन कल्याणला गेली. काकूंच्या सुनेने आम्हाला बसवलं, पण सासूबाईंनी काय सांगितलं होतं ते तिला माहीत नव्हतं. आत्याने चहा घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, जुनी पितळी भांडी मोडीत घातलीस का गं? सुनेने जरा ओशाळून सांगितलं की बरीच घातली, पण दोन-तीन माळ्यावर आहेत. मी स्टुलावर चढलो. एक घंगाळ, एक कळशी आणि झाकण नसलेला एक डबा खाली उतरवला. कळशी काळी पडली होती. आत्याने चिंच मागितली आणि मोरीत बसून काठ घासायला लागली. लग्नात माहेरहून दिलेल्या भांड्यावर मुलीचं नाव घालतात, आणि मुलगी गेल्यावर भांडी माहेरी परत येऊन पुढे वारशाने काकूंच्या या घरात आली असतील, एवढाच तिचा हिशेब होता.

काठाखाली ठोक्याठोक्यांनी घातलेली अक्षरं वर आली. आत्याने चष्मा काढून ठेवला, ओलं बोट त्या ठोक्यांवरून सावकाश फिरवलं आणि नाव वाचलं. मी सुचवलेल्या दोन्हींपैकी ते नव्हतं.

मी वही काढून लिहायला लागलो तर तिने हात पुढे केला. नाव तिने स्वतः लिहून घेतलं, दोनदा. घरी आल्यावर चप्पलही न काढता ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि त्या चौकोनाच्या जागी ते टाइप केलं. मग मला म्हणाली, आता छाप, आणि छापून होईपर्यंत कशालाही हात लावू नकोस.