सुजाताचं आठ पाकळ्यांचं कमळ

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरोड्याला शाळेत, सातवीच्या वर्गावर होते. माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच लहान. भेटायला येणारे सगळे एकच शब्द घेऊन आले : बिचारी. इतके दिवस ऐकून घेतला... आता लिहूनच टाकते. सुजाता बिचारी नव्हती. लहानपणापासून सिकलसेलचा रक्तविकार होता, सांधे दुखायला लागले की आठ-आठ दिवस खाटेवर पडायची, हे खरं. पण पडल्या पडल्याही भांडायची.

आजारपणात कॉलेज सुटल्यावर मोबाइलवर बघून बघून ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली. त्यांच्या गावच्या, दवनीवाड्याच्या विहारात बुद्धपौर्णिमेला उघडणारं कमळ करायचं तिनं ठरवलं. थर्माकोलच्या आठ पाकळ्या, प्रत्येकीला सांगितलं तेवढंच वळणारी एक सर्व्हो मोटार, आणि मोटारींना हुकूम सोडायला तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. एकेक पाकळी छान उठायची. आठही एकदम उठवल्या की थरथरून खाली पडायच्या, आणि बोर्ड बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. विहार समितीचे अध्यक्ष बघून गेले. "पोरी, तुह्या तब्येतीले झेपत नाही हे. लाइटिंगची माळ सोडू, झालं."

"माह्या तब्येतीचा अन् मोटारीचा काय संबंध?" ती म्हणाली. "कमळ तं उघडनच. माळ तुमच्या घरी लावा."

त्याच आठवड्यात तिला गोंदियाला भरती करावं लागलं. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात मोबाइल. मी डबा घेऊन गेले तर म्हणाली, "ताई, समजलं! बोर्ड हुकूम देऊ शकते, करंट नाही. आठही जणी त्याच्याच जिवावर ओढून राहिल्या, म्हणून तो बसते मटकन." घरी आल्यावर तिनं एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मोटारींना वेगळा जोडला. तरी पाकळ्या वेड्यासारख्या हलत राहिल्या. मग तिनं बोर्डाची आणि पॉवर सप्लायची काळी वायर, म्हणजे ग्राउंड, एकत्र जोडली, तेव्हा कुठं बोर्डाचा हुकूम मोटारींना नीट कळला, आणि आठही पाकळ्या सावकाश वर गेल्या.

पौर्णिमेला पहिली टाळी अध्यक्षांनीच वाजवली. "आता लावा माळ," ती त्यांना म्हणाली, "शोभन."

पुढं दर वर्षी कमळ उघडत राहिलं. यंदाची पौर्णिमा तिच्यानंतरची पहिली. मी मावशीकडे असताना अध्यक्ष घरी आले, सांगू लागले, विहाराच्या खोलीत ठेवलेल्या कमळाच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. "यंदा राहू द्या, बाई."

"काऊन राहू द्याचं?" मावशी म्हणाली.

जन्मभर चिखलात वाकून धानाच्या रोवण्या केलेली ही बाई. ते गेल्यावर तिनं सुजाताचं वायरींना टाके मारायचं सोल्डरिंग आयर्न काढून माझ्यापुढं ठेवलं. "दाखव." मला तरी कुठं येत होतं? कमळ विहारातून घरी आणलं आणि मोबाइलवर बघत आम्ही दोघी अंगणात बसलो. पहिला टाका निसटला, मावशीचं बोट भाजलं. मी पाणी आणायला उठले.

"बस तू," बोट तोंडात धरून ती म्हणाली, "हा पुरा कराचा हाये."