तिसऱ्या फोनची वाट

दुपारी अडीचच्या सुमारास मोबाइलवर धम्मपालचं नाव झळकलं, तेव्हा दुकानात धर्माबादचं एक गिऱ्हाईक बसलेलं होतं आणि नेटवर्कच्या एका जुन्या स्विचच्या भावावरून आमची घासाघीस चालली होती. पंधरा दिवसांतला त्याचा हा तिसरा फोन. पहिले दोन मी कापले होते. खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. आला ना शेवटी खाली, असं मनात म्हणालो आणि आणखी दोन रिंग वाजू देऊन मगच उचलला. पलीकडे सुजाता होती, त्याची बायको. "भाऊ, हे गेले..." एवढंच म्हणाली.

लातूरला, ऑफिसात, खुर्चीवर बसल्या जागी गेला तो. चव्वेचाळीस वर्षांचा होता. आज सव्वा महिना झाला, आणि मी अजून ठरवू शकलेलो नाही की मला दुःख जास्त आहे की राग.

धम्मपाल एका कंपनीचं नेटवर्क सांभाळायचा. काम सगळं तोच करी, पण डिप्लोमावाला म्हणून पुण्याहून आलेली पोरं त्याच्या डोक्यावर बसत आणि त्याला 'वायरवाले काका' म्हणत. त्या नावाला त्याचं एकच उत्तर होतं : बेंगळुरूला होणारी एक परीक्षा. आठ तासांची. कागद नाही, पेन नाही. समोर मशीन, त्यावर जाळं उभं करायचं आणि मुद्दाम घातलेले बिघाड शोधून काढायचे. सरावाला सहा-सात राउटर लागत. ते नांदेडात माझ्याकडे होते, कारण जुनी मशीन लिलावात घ्यायची आणि तपासून विकायची हा माझा धंदा. आमचा सौदा एका चहात ठरला. त्यानं रविवारी येऊन माझा माल तपासून द्यायचा, आणि उरलेला दिवस मागच्या खोलीत त्याच मशीनवर अभ्यास करायचा. दोन वर्षं तो पहिल्या गाडीनं येत राहिला, हातात डबा, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

मी दहावी नापास. पण तो मोठ्यानं बोलत शिकायचा आणि ऐकायला मीच असायचो. एमपीएलएस हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी म्हणालो, "हे कुठल्या फवारणीचं औषध?" तो हसला.

"भाऊ, तुम्ही हदगावहून आल्यावर ट्रान्सपोर्टात हमाली केलाव ना? पोत्यावरला पत्ता वाचीत होताव का?"

"पत्ता कोण वाचतंय! खूण बघायची अन् त्या गाडीत फेकायचं."

"मग झालं की. तुम्हाला समदं येतंय."

एमपीएलएस म्हणजे तेच : माहिती पाकिटांतून जाते, पहिला राउटर पूर्ण पत्ता वाचतो आणि पाकिटावर लेबल चिकटवतो. मधले पत्त्याकडे बघतही नाहीत. आलेलं लेबल काढतात, पुढच्या टप्प्याचं लावतात आणि ढकलतात. दहा व्यापाऱ्यांचा माल एकाच रस्त्यानं जातो, तरी एकमेकांत मिसळत नाही. मला ते इतकं पटलं की पुढे गिऱ्हाइकांना मीच समजावू लागलो.

पण लेबल लावलं की पाकीट जरासं मोठं होतं. मधल्या स्विचचं दार, म्हणजे केवढं पाकीट आत घ्यायचं ती मर्यादा, नेहमीच्याच मापाचं असेल तर लहान पाकिटं निघून जातात आणि पूर्ण भरलेली तिथंच मुकाट्यानं गळतात. माझ्या मागच्या खोलीतल्या स्विचचं दार मी एका मेकॅनिककडून आधीच मोठं करून घेतलं होतं. गिऱ्हाइकासमोर काही अडू नये म्हणून. धम्मानं एकदा विचारलंही होतं, "भाऊ, हितं समदं इतकं सुरळीत कसं चालून राहिलंय?" मी छाती काढून म्हणालो, "माल कुणाचा हाय!" खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण विकणाऱ्यानं स्वतःहून गोम सांगायची नसते, ही सवय हाडात मुरलेली.

परीक्षेत पाचव्या तासाला त्याला तेच दार आडवं आलं. लहान पाकिटं पोचत होती, मोठी पोचत नव्हती. आपणच काही चुकलो असं समजून तो स्वतःचं काम पुन्हा पुन्हा तपासत राहिला. तीन तास गेले. नापास झाला.

पुढच्या रविवारी आला तो थेट मागच्या खोलीत गेला. स्विचचं मोठं केलेलं दार बघून दहा मिनिटांत बाहेर आला. दुकानात चार माणसं बसलेली. "भाऊ," तो म्हणाला, आवाज अजिबात न चढवता, "तुम्ही मला बी गिऱ्हाइकातच धरलाव."

माझं डोकं फिरलं. "परीक्षा तुझी! स्विच उघडून बघायची अक्कल बी मीच द्यायची का? जा, पुण्याच्या पोरांपुढं बस जाऊन!" असं मी म्हणालो. ते शेवटचं वाक्य मला परत घेता आलं तर घेईन. त्यानं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि डबा न उघडताच उचलून निघून गेला. चूक माझी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चार माणसांत? दोन वर्षांचे रविवार एका वाक्यात निकाली काढायचे? हा सल मला आजही आहे. माणूस गेला की राग जातो म्हणतात... माझा गेलेला नाही.

सात महिने बोलणं नव्हतं. मग त्याचा फोन आला, आठवड्यानं दुसरा. बाजारात माझा एक नियम आहे : समोरचा पहिल्यांदा बोलतो ती चाचपणी, दुसऱ्यांदा बोलतो ती घाई, तिसऱ्यांदा बोलतो तो खरा भाव. परीक्षा पुन्हा जवळ आली असणार, माझी मशीन हवी असणार, असा मी हिशेब केला. मागू दे म्हटलं तिसऱ्यांदा.

गेल्या आठवड्यात सुजातानं निरोप दिला, "मशीन घेऊन जा, भाऊ, मला त्यातलं काय कळतंय." मी गाडी घेऊन लातूरला गेलो. स्वयंपाकघरामागच्या अरुंद खोलीत राउटर आणि एक स्विच मांडलेले, अजून चालू, त्यांच्यावर टेबलफॅन सोडलेला. माझ्याकडचे नव्हते. त्यातल्या दोन राउटरांचे आतले पंखे खडखडत होते. घेताना त्याला कुणीतरी फसवलं होतं, आणि दुखवट्याच्या घरात मला त्या विकणाऱ्याचा संताप आला. भिंतीवर कॅलेंडरचं उलटं पान, त्यावर त्याच्या अक्षरात : दार – पन्नास मिनिटं. दार – वीस. दार – नऊ. दार – चार.

"हे काय?"

"रोज सकाळी म्हणायचे, मी अंघोळीला जातो, तू काहीतरी बिघडव. ओळी लिहून दिल्या होत्या मला. त्यातली एक टाकायची, कुठली ते सांगायचं न्हाई. मग बाहेर येऊन शोधायचे." ती पहिल्यांदाच जराशी हसली. "मी बी लई अवघड टाकायची."

म्हणजे तो तयार होता. माझ्या मशीनची त्याला गरज नव्हती.

"मग मला फोन कशाला केलता त्यानं?"

"न्हाई माहीत, भाऊ. पहिल्या बारीला म्हणले, गिऱ्हाईक असंल दुकानात. दुसऱ्या बारीला काहीच म्हणले न्हाईत."

ज्याला काही घ्यायचं नाही आणि काही विकायचं नाही, असा माणूस दोनदा फोन का करतो? मी उभं आयुष्य भाव ओळखण्यात घालवलं, आणि हे मला ओळखता येत नाही.

सुजाता दाराशीच उभी होती. "त्या दिवशी बी एक ओळ टाकली होती मी. त्यांना ऑफिसला उशीर झाला. आल्यावर बघतो म्हणले."

मी त्याच्या खुर्चीवर बसलो. लहान पाकिटं पाठवली, पोचली. भरलेली पाठवली. न पोचलेल्या पाकिटामागे पडद्यावर एक टिंब उमटतं. एक टिंब आलं. थोडं थांबून दुसरं. मग तिसरं, चौथं, पाचवं.

"सापडलं का, भाऊ?"

तेच दार; मोठं करणं एका ओळीचं काम होतं. ती ओळ मला पाठ आहे. मी हात मांडीवर ठेवले आणि तिला म्हणालो, "हे असंच राहू दे, सुजाता. बंद करू नकोस." गाडी रिकामीच नांदेडला आणली.