चारी बाजूंनी शिवलेल्या शुभेच्छा

ग्रीटिंग कार्ड उघडून वाचायचं असतं, हे बब्बीखालांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्या कार्ड शिवायच्या, आणि शिवायच्या म्हणजे चारी बाजूंनी. आत मजकूर, बाहेर टिकल्या, मोती, बुरख्याची उरलेली लेस आणि मधोमध ब्लाऊजचं एखादं बटण. घेणारा ते उलटसुलट करून विचारायचा, "खाला, हे उघडायचं कुठून?"

"उघडतोस कशाला? ताईत उघडतेत का कुणी? आत दुवा हाय. उघडली की सांडती."

मी हिमायतनगरची. शाळा सातवीतच सुटली. धाकटा भाऊ दिगू हुशार निघाला म्हणून वडिलांनी त्याला बारावीला लातूरच्या क्लासला घातलं आणि भाकरी थापायला माझी रवानगी केली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. ज्याच्याकडं जास्तीची खोली, तो ती पोरांना भाड्यानं देई. आमची खोली खालांच्या अंगणात होती. भूकंपात तिच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली. मला ती रोज थोडी वाढल्यासारखी वाटायची. भीत भीत मी खालांना सांगितलं. त्यांनी येऊन चिरेचं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या मापाचा लांब, चिंचोळा पडदा आणून टांगला. त्यावर जरीची वेलबुट्टीसुद्धा!

"आता दिसती का चीर?"

"नाही."

"मग झालं की."

खरं सांगते, त्यानंतर मला झोप लागायला लागली.

खालांचा भरवसा फक्त दोऱ्यावर. "भूकंपात शिमीट फाटलं, माझी गोधडी न्हाई फाटली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. डिंक त्यांच्या लेखी बेइमान. तयार झालेल्या प्रत्येक कार्डाला त्या अडकित्ता टांगून बघत. अडकित्ता पेलला तर कार्ड पास. पोस्टमन त्यांना टरकून असायचा. "खाला, टिकल्यांवर शिक्का बसत न्हाई, उडून माझ्याच बोटावर येतो." खाला म्हणायच्या, "मग हळू मार की बाबा, दुवा हाय ती, खिळा हाय का?"

मला त्यांनी चटईवर शेजारी बसवलं. आधी दाभणानं जाड कागदाला भोकं पाडायची, म्हणजे सुई रडत नाही. दोऱ्याला मेण लावायचं. टिकली एका टाक्यात बसवायची. आज सुरतेत साड्यांवर टिकल्या लावून माझं घर चालतं, ते त्या चटईमुळं. खालांना जाऊन वर्ष झालं, पण वाकडा टाका पडला की अजून कानाशी येतं, "काय करून राहिलीस गं?"

त्यांना उर्दू यायचं, मराठी लिहिता येत नसे. म्हणून आतला मजकूर माझ्याकडं. मला घामच फुटायचा. माझी ऱ्हस्व-दीर्घाची बोंब, आणि गिऱ्हाइकं सगळी शिकलेली. "कोण वाचणार हाय? शिवून टाकणार मी," खाला हसायच्या आणि सांगू लागायच्या. लग्नाच्या कार्डात 'सासूचं ऐक, पण समदं नको.' नव्या दुकानाच्या कार्डात 'उधार मागणाऱ्याला पाणी दे.' आजारी माणसाला 'पडून ऱ्हा.'

दिगूच्या परीक्षेसाठी त्यांनी खास कार्ड केलं. खिशात मावेल एवढं लहान, दुहेरी दोऱ्याचं, काठाला सोनेरी लेस. आत मी लिहिलं, 'घाबरू नको. सोपं आधी लिही. पाणि पी.' दिगू नको-नको म्हणत असतानाच खालांनी ते त्याच्या खिशात कोंबलं.

नेमकं त्याच पेपरला भरारी पथक आलं.

आम्ही दोघी केंद्राच्या फाटकाशी उभ्या होतो. शिपाई धावत आला. "ते चमकीवालं पाकीट कुणी शिवलं? साहेब बोलावतेत." व्हरांड्यात दिगू उभा, चेहरा पांढराफटक. साहेबांच्या हातात कार्ड. त्यांनी पेनचं टोक घालून पाहिलं होतं. टोक वाकलं होतं.

"आत काय आहे?"

"दुवा हाय, साहेब."

"दुवा कागदावर लिहिलेली आहे ना? मग मी वाचणार. नाहीतर कॉपी म्हणून नोंद करतो." आणि ते कार्ड फाडायला लागले.

"नक्को! फाडू नका!" खाला एवढ्या जोरात ओरडल्या की वर्गातली पोरं खिडकीशी आली.

"मग तुम्ही उकला. तोवर हा बाहेरच उभा राहील."

आयुष्यात खालांनी शिवलेलं काही उकललं नव्हतं. घरी वडिलांना काय सांगू, हे एकच माझ्या डोक्यात. दिगू रडवेला होऊन म्हणाला, "खाला, टाइम चाललाय."

खालांनी कार्ड हिसकावून घेतलं, दातांत धरलं आणि कडाकडा टाके तोडले. टिकल्या व्हरांडाभर उडाल्या. "दुवा सांडली तर सांडू दे," दोरा थुंकत त्या म्हणाल्या, "पोराचा टाइम नको सांडायला."

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. शिपाई म्हणाला, "साहेब, हे तर आपणबी पोरांना सांगतो." साहेबांनी खिशातून दुसरा पेन काढला, 'पाणि'ची वेलांटी दीर्घ केली आणि दिगूला म्हणाले, "पळ!" माझी कानशिलं तापली, पण दिगू पळाला होता.

फाटकाबाहेर आल्यावर मला वाटलं, खाला आता घरी जातील. त्या मात्र वर्गाच्या रस्त्याकडच्या खिडकीखाली जाऊन बसल्या आणि ओढणी झोळीसारखी पसरली.

"हे काय, खाला?"

"सांडलेली कुठं जाती? झेलून राहिले."

एक भला माणूस येऊन त्या झोळीत नाणं टाकून गेला. खालांनी ते त्याच्या मागं भिरकावलं. "ओ भाऊ! भिकारीण दिसते का? जागा अडती की!"

पेपर सुटला. दिगू आला. "खाला, सगळं लिहून झालं. सोपं काही नव्हतंच, म्हणून सरळ पहिल्यापासून सुरू केलं." खालांनी ओढणीची चार टोकं अलगद गोळा केली आणि भर गर्दीत त्याच्या डोक्यावर झटकली. तो लाजून लाल. "खाला, लोक बघून राहिलेत."

"बघू दे. उरली हाय लई, त्यांच्यावरबी टाकते."

पोरं आधी फिदीफिदी हसली. मग एक जाडा चष्मेवाला पुढं आला. "इकडंबी थोडी, खाला. माझं गणित राहिलंय." त्याच्या मागं दुसरा, तिसरा. बघता बघता क्लासवाली पोरं माना वाकवून रांगेत उभी, आणि खाला आपली ओढणी झटकतायत.

दिगू त्या वर्षी पास झाला. त्या रांगेत मी सगळ्यात मागं उभी होते. माझा कुठलाच पेपर नव्हता. तरी माझा नंबर आल्यावर मीही मान वाकवली.